दवाखान्यातल्या नोकरीचा कोर्स : फी भरण्याआधी हा हिशोब करा

बारावीचा निकाल लागला की आपल्या जालना जिल्ह्यात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. एक म्हणजे पेरणीची तयारी. दुसरी म्हणजे बसस्टँडच्या भिंतीवर, रसवंतीच्या खांबावर अन् झेरॉक्सच्या दुकानात चिकटवलेली पत्रकं. "दहावी-बारावी पास-नापास मुलामुलींना सुवर्णसंधी! एक वर्षात नर्सिंग. शंभर टक्के नोकरी. प्रवेश मर्यादित."

असंच एक पत्रक घेऊन आमच्या भावकीतला एक जण मागच्या आठवड्यात माझ्याकडं आला. पोरगी बारावी कला शाखेतून पास झाली, ६१ टक्के. तालुक्याला कोर्स आहे, फी ४० हजार, वर्षभरात दवाखान्यात नोकरी लावून देतो म्हणतात. घरात भाव वाढायची वाट बघत भरून ठेवलेला कापूस होता. म्हणाला, "दादा, कापूस काढून टाकतो अन् पैसे भरतो. तुम्ही पेपरवाले, एकदा नजर टाका." चाळीस हजार म्हणजे जवळजवळ सहा क्विंटल कापूस. एवढा माल गाडीत भरण्याआधी बसून हिशोब करायलाच पाहिजे होता. तो आम्ही दोन संध्याकाळी बसून केला. अशीच पत्रकं अनेकांच्या खिशात असणार, म्हणून तो इथं मांडतो.

पत्रकावर शब्द एक, कागद मात्र तीन वेगळे

सगळ्यात मोठा घोळ "नर्सिंग" या एका शब्दात आहे. या शब्दाखाली तीन वेगवेगळे कागद विकले जातात आणि तिघांची किंमत सारखी नाही.

पहिला कागद रुग्ण सहायकाचा. सरकारी भाषेत याला जनरल ड्युटी असिस्टंट, थोडक्यात जीडीए म्हणतात. दवाखान्यात आपण ज्यांना मावशी, मामा, वॉर्डबॉय म्हणतो, त्यांच्या कामाचं हे रीतसर शिक्षण. रुग्णाला अंघोळ घालणं, चादर बदलणं, बेडपॅन देणं, जेवू घालणं, कूस बदलून देणं, स्ट्रेचरवरून हलवणं, ताप-नाडीची नोंद ठेवायला मदत करणं, नमुने लॅबपर्यंत पोचवणं हे त्याचं काम. इंजेक्शन देणं, सलाईन लावणं हे या कोर्सच्या कामात बसत नाही. हा कोर्स काही महिन्यांचा असतो आणि मुलं-मुली दोघांनाही करता येतो. राज्याच्या कौशल्य मंडळाचेही अशा मदतनीस कामाचे प्रमाणपत्र कोर्स असतात. ते खोटे नसतात, पण त्यावर कुणी नर्स होत नाही.

दुसरा कागद एएनएम, म्हणजे सहाय्यकारी परिचारिका प्रसाविका. हा दोन वर्षांचा कोर्स. बारावी कला शाखेतून झालेल्या मुलीलाही तो करता येतो, वय १७ ते ३५ पाहिजे आणि तो फक्त मुलींसाठी आहे. उपकेंद्रात लसीकरण करणारी, गरोदर बायांची तपासणी करणारी आपल्या गावची सिस्टर ती हीच. पास झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवता येतं.

तिसरा कागद जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंगचा. जीएनएम तीन वर्षांचा, बीएस्सी चार वर्षांचा. जीएनएम मुलांनाही करता येतो. बीएस्सी नर्सिंगला बारावी विज्ञान शाखा अन् जीवशास्त्र लागतं. मोठ्या दवाखान्यात ज्यांना स्टाफ नर्स म्हणतात, त्या या लोकांतून येतात.

आता ते पत्रक पुन्हा वाचा. "एक वर्षात नर्सिंग." एक वर्षाचा एएनएम नसतो, जीएनएमही नसतो. "नापास चालेल" असंही लिहिलंय. बारावी नापासाला परिचर्या परिषदेच्या कोर्सला प्रवेश नाही. म्हणजे पत्रकावर नाव तिसऱ्या कागदाचं असतं अन् हातात पडतो पहिला, तोही कधी-कधी कुणी न विचारणारा.

शेजारच्या गावातली गोष्ट

शेजारच्या गावातल्या एका मुलीनं तीन वर्षांपूर्वी असाच वर्षाचा कोर्स केला. तिच्या वडिलांच्या परवानगीनं तिच्याशी बोललो. नाव देत नाही. पोरगी कामाला चांगली. तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात सकाळी आठ ते रात्री आठ ड्युटी, पगार ७ हजार. कोर्स करताना तिला सांगितलं होतं की सरकारी भरती निघाली की तुमचाच नंबर.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये जिल्हा परिषदांची मोठी भरती निघाली. आरोग्य परिचारिकेची पदं होती. ही पोरगी ऑनलाइन सेंटरवर फॉर्म भरायला गेली. फॉर्ममध्ये महाराष्ट्र परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक मागितला. तिच्याकडं तो नव्हताच, कारण तिच्या सर्टिफिकेटवर तो मिळतच नाही. ती मला म्हणाली, "मला वाटलं आमच्या सरांनी द्यायचं राहिलं असेल. फोन केला तर ते म्हणाले, आमचा कोर्स प्रायव्हेटसाठी आहे."

ही गोष्ट फी भरायच्या आधी कळली असती तर तिची तीन वर्षं वेगळी गेली असती. आज ती २२ वर्षांची आहे आणि आता एएनएमची चौकशी करते आहे.

खरा खर्च किती?

पत्रकावर फी ४० हजार. आम्ही वहीत एक-एक ओळ लिहीत गेलो. खालचे आकडे आमच्या गावचे आणि अंदाजाचे आहेत. तुमच्या गावचे आकडे टाकून तुम्ही हाच हिशोब करा.

• कोर्सची फी : ४०,०००
• परीक्षा फी, गणवेश, पुस्तकं : ५,०००
• जाण्यायेण्याचं भाडं, महिन्याला १,५०० प्रमाणे १२ महिने : १८,०००
• बुडालेली मजुरी, महिन्याला २,४०० प्रमाणे १२ महिने : २८,८००
• एकूण : ९१,८००

भाडं १,५०० कसं धरलं? एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, ते धरून रोजचे जाऊन-येऊन ६० रुपये, महिन्याला २५ दिवस. मुलगा असेल तर पूर्ण तिकीट धरा.

बुडालेली मजुरी काय, असं भावकीतल्या माणसानंही विचारलं. पोरगी आज घरात बसलेली नाही. निंदणीला, वेचणीला जाते. निंदणीला ३०० रुपये रोज, पावसाळा-उन्हाळा मिळून महिन्याला सरासरी आठ रोज पडले तर २,४०० रुपये घरात येतात. वर्गात बसल्यावर ते बंद. खिशातून जात नसले तरी घरात येतही नाहीत, म्हणून तो खर्चच.

म्हणजे ४० हजारांचा कोर्स खरं तर ९२ हजारांना पडतो. आणि हे पैसे व्याजानं काढले तर आणखी. शेकडा दोननं ४० हजार काढले तर महिन्याला ८०० रुपये व्याज, वर्षाला ९,६००. ते वरच्या बेरजेत धरलेलं नाही.

हातात किती उरतं?

आता कमाई. पगाराचा आकडा आणि घरात येणारा पैसा यात फरक असतो, हे आपल्या शहरात गेलेल्या पोरांना विचारा.

तालुक्याच्या दवाखान्यात ७ हजार पगार धरू. जाण्यायेण्याचे १,५०० गेले. चहा-पाणी, मोबाईलचे ५०० गेले. उरले ५,०००. पण मजुरीचे २,४०० तर कोर्स न करताही येतच होते. म्हणजे कोर्समुळं वाढलेली खरी कमाई महिन्याला २,६०० रुपये.

९१,८०० भागिले २,६०० म्हणजे ३५ महिने. वर्षभर शिकायचं अन् त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं काम करायचं, तेव्हा कुठं घातलेला पैसा परत येतो. व्याजाचे ८०० दर महिन्याला जात असतील तर हातात वाढीव १,८०० च राहतात आणि फेड पाच वर्षांच्या आसपास जाते. तोवर पोरीचं लग्न होऊन ती दुसऱ्या तालुक्यात गेलेली असते.

तासाचा हिशोब तर आणखी बोचतो. रोज १२ तास, महिन्याला २६ दिवस म्हणजे ३१२ तास. ७ हजाराला भागा. तासाला साडेबावीस रुपयेही पडत नाहीत. निंदणीला सहा-सात तासांचे ३०० मिळतात, म्हणजे तासाला ४० च्या वर. फरक एवढाच की निंदण रोज नसते, दवाखाना रोज असतो, अन् सावलीतलं काम आहे. तो फरकही खराच आहे, त्याला कमी लेखत नाही.

शहरात गेलं तर? छत्रपती संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात १२ हजार पगार धरू. तिथं भविष्य निर्वाह निधी म्हणजे पीएफ कापतात. सगळा पगार त्यासाठी धरला तर १२ टक्क्यांनी १,४४०. ईएसआयसीचे पाऊण टक्क्यानं ९०. हातात १०,४७०. तिघीत मिळून खोलीचे २,५००, मेसचे ३,५००, रिक्षा अन् मोबाईलचे १,५००. गेले ७,५००. उरले २,९७०. घरी राहून ७ हजारात जास्त उरत होते! पण शहरात पीएफ साठतो, त्यात मालकही आपला वाटा घालतो. ईएसआयसीत उपचाराची सोय मिळते. मोठ्या दवाखान्यात अतिदक्षता विभाग, ऑपरेशन थिएटर, डायलिसिस अशा ठिकाणी हात बसला की पुढची नोकरी मिळणं सोपं जातं. म्हणून शहरातली पहिली दोन वर्षं कमाईची कमी अन् शिकण्याची जास्त असतात, हे आधीच समजून जावं.

पुण्या-मुंबईला ब्युरोमार्फत घरी म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायचंही काम मिळतं, १२ तासांचं किंवा २४ तासांचं. पैसे जास्त दिसतात, कारण राहणं-खाणं तिथंच असतं. पण ब्युरो आपला हिस्सा कापतो, सुट्टी कुणी धरत नाही, आणि अनोळखी घरात पोरगी एकटी असते. जायचं असेल तर घराचा पत्ता, कापायचा हिस्सा, सुट्टीचा दिवस हे सगळं कागदावर घेऊनच जावं.

तोच कोर्स फुकटही मिळतो

ज्या कामासाठी पत्रकवाले ४० हजार मागतात, तेच काम शिकवणारा जीडीए कोर्स सरकारी कौशल्य योजनांतून फी न भरता होऊ शकतो.

प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना २०१५ साली सुरू झाली. तिच्यात आरोग्य क्षेत्राचे कोर्स आहेत. कोरोनाच्या काळात, जून २०२१ मध्ये, याच योजनेतून एक लाख जणांना घरची देखभाल, नमुने गोळा करणं, तातडीची मदत अशा सहा कामांचं छोटं प्रशिक्षण द्यायचं ठरलं होतं, ते अनेकांना आठवत असेल.

दुसरी दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना, २०१४ पासूनची. ही खास खेड्यातल्या गरीब घरच्या १५ ते ३५ वयाच्या मुलामुलींसाठी आहे. महिलांना ४५ पर्यंत सवलत आहे. निवासी केंद्र असेल तर राहणं-खाणंही योजनेतून. आपल्या राज्यात ही योजना "उमेद" अभियान बघतं. गावातल्या बचत गटाच्या ताईंना किंवा पंचायत समितीतल्या उमेदच्या तालुका कक्षात विचारलं की सध्या कुठं बॅच सुरू आहे ते कळतं. जिल्ह्याच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रातही चौकशी करावी.

याचा हिशोब मांडला. चार महिने धरले तरी बुडालेली मजुरी ९,६००. फी शून्य. वाढीव कमाई तीच, महिन्याला २,६००. चार महिन्यांच्या आत पैसा वसूल. एकाच कामाला एक रस्ता ३५ महिन्यांचा अन् एक चार महिन्यांचा.

अडचणी यातही आहेत. बॅच वेळेवर सुरू होईलच असं नाही, केंद्र लांबच्या शहरात असू शकतं, अन् लावून दिलेली पहिली नोकरीही लांबची असते. बऱ्याच पोरी पहिल्या महिन्यात परत येतात. म्हणून घरच्यांनी आधी एकदा जाऊन केंद्र, वसतिगृह बघून यावं.

एएनएमचा हिशोब

मग दोन वर्षं लावून एएनएमच करावं का? त्याचाही हिशोब आम्ही केला. खासगी शाळा धरली. दोन वर्षांची फी १,२०,०००, राहण्या-जेवणाचे महिन्याला ४,००० प्रमाणे ९६,०००, गणवेश-पुस्तकं-परीक्षा १५,०००, बुडालेली मजुरी ५७,६००. एकूण २,८८,६००. आकडा बघून भावकीतला माणूस गप्पच झाला.

आता कमाईचे तीन दरवाजे बघा.

जिल्हा परिषदेत कायम नोकरी लागली तर सातव्या वेतन आयोगाप्रमाणे २५,५०० मूळ पगारापासून सुरुवात, वर भत्ते. असं झालं तर घातलेला पैसा निघायला दीड वर्षही लागणार नाही. पण जागा थोड्या, अर्ज भरमसाट अन् भरती कधी निघेल याचा नेम नाही.

राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटी काम मिळालं तर अलीकडच्या जाहिरातींत एएनएमला महिन्याला १८ हजार मानधन दिसतं. खर्चाचे ३,००० अन् मजुरीचे २,४०० वजा केले तर वाढीव कमाई १२,६००. पैसा वसूल व्हायला २३ महिने.

खासगी दवाखान्यात १० हजारावर राहिली तर २,००० खर्च अन् २,४०० मजुरी वजा जाता वाढीव ५,६००. वसुलीला ५१ महिने, म्हणजे सव्वाचार वर्षं.

म्हणजे खासगी फी भरून एएनएम करायचं अन् पुन्हा खासगी दवाखान्यातच राहायचं, यात हिशोब लंगडा पडतो. एएनएमचं खरं मोल नोंदणी क्रमांकात आहे, कारण तो असेल तर सरकारी अन् कंत्राटी भरतीचा फॉर्म भरता येतो. तो दरवाजा दर भरतीला पुन्हा उघडतो. सरकारी एएनएम शाळेत नंबर लागला तर फी खासगीच्या मानानं फार कमी, मग सगळाच हिशोब बदलतो. मान्यता असलेल्या कोर्सला महाडीबीटीवर शिष्यवृत्ती किंवा फी माफी बसते का, तेही आपल्या प्रवर्गाप्रमाणे प्रवेशाआधी बघावं. "शिष्यवृत्तीचं नंतर बघू" असं म्हणणाऱ्या संस्थेकडून आत्ताच लिहून घ्यावं.

दवाखान्यात जागा निघणारच नाहीत असं नाही. आपल्या जालन्यालाही २०२४ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला मंजुरी मिळून पहिली बॅच सुरू झाली. त्याच वर्षी बुलढाणा, हिंगोली, वाशिमलाही अशी महाविद्यालयं आली. दवाखाने वाढले की माणसं लागतात. पण कायम जागेसाठी ते माणसं मागताना नोंदणी बघतात.

बियाण्याची पिशवी आठवा

आपण बियाण्याची पिशवी घेताना लॉट नंबर बघतो, मुदत बघतो, पक्कं बिल मागतो, टॅग जपून ठेवतो. उगवलं नाही तर तक्रार करायला तोच कागद लागतो. हजार रुपयांच्या पिशवीला एवढं बघतो अन् ४० हजारांच्या कोर्सला नुसत्या पत्रकावर विश्वास ठेवतो. फी भरायच्या आधी एवढं विचारा :

१) परीक्षा कोण घेतं आणि सर्टिफिकेटवर सही-शिक्का कुणाचा? एएनएम, जीएनएम असेल तर परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची असते.

२) पास झाल्यावर कोणत्या परिषदेत नोंदणी होते? नर्सिंगला महाराष्ट्र परिचर्या परिषद. लॅब टेक्निशियनला महाराष्ट्र परावैद्यक परिषद. "नोंदणीची गरज नाही" असं उत्तर आलं तर समजा की हा मदतनिसाचा कोर्स आहे, अन् त्याच्याच भावानं पैसे मोजा.

३) संस्थेचं नाव परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का? यादी परिषदेच्या वेबसाइटवर असते, मोबाईलवर बघता येते. नाव अन् गाव दोन्ही जुळलं पाहिजे.

४) प्रात्यक्षिक कोणत्या दवाखान्यात? त्या दवाखान्यात स्वतः जाऊन विचारा. नुसत्या पुतळ्यावर शिकून रुग्ण हलवता येत नाही.

५) मागच्या बॅचच्या चार-पाच मुलींशी बोलू द्या म्हणा. आज त्या कुठं आहेत, हातात किती पडतात, ते त्यांनाच विचारा. भिंतीवरचे फोटो बघून भुलू नका.

६) नोकरीची हमी कागदावर द्या म्हणा, अन् मधेच सोडलं तर किती फी परत मिळते तेही. प्रत्येक हप्त्याची पावती घ्या. मूळ मार्कमेमो अन् टीसी अडकवून ठेवायला देऊ नका, झेरॉक्स द्या.

नोकरी लागल्यावर

रुग्णालयांतल्या कामगारांसाठी राज्यात किमान वेतन ठरवून दिलेलं आहे, त्यातला महागाईचा भत्ता सहा-सहा महिन्यांनी बदलतो. तालुक्याच्या ठिकाणी हे सहसा कुणी विचारत नाही, म्हणून कुणी देत नाही. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर ईएसआयसी अन् वीस किंवा जास्त असतील तर पीएफ लागू होतो. नेमणुकीचा कागद मागा, पगार बँकेत घ्या. पुढं अनुभवाचा दाखला लागला तर बँकेचं पासबुकच साक्ष देतं.

दुसरी गोष्ट जिवाची. दवाखान्यात सुई टोचते, रक्त अंगावर उडतं. कामाला लागायच्या आधी हिपॅटायटिस बी ची लस घ्यावी. तिचे तीन डोस असतात, पहिल्यानंतर एक महिन्यानं दुसरा अन् सहा महिन्यांनी तिसरा. आणि "इंजेक्शन दे गं, सिस्टर नाही आज" असं सांगितलं तर नम्रपणे नाही म्हणावं. काही कमी-जास्त झालं तर सर्टिफिकेट बघितलं जातं अन् त्यावर मदतनीस असंच लिहिलेलं असतं.

शेवटी काय ठरलं?

हिशोबाची वही मिटली तेव्हा पोरीची आई दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "भाऊजी, कोर्स वाईट आहे का मग?" तर तसं नाही. आजाऱ्याची सेवा करायचं काम शिकणं वाईट नाही. घरात म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की या कामाची किंमत कळते. जे काम फुकट शिकायला मिळतं त्याला नर्सिंगचं नाव लावून ४० हजार घेणं वाईट आहे. ज्या घरात दुसरा आधार नाही, लगेच चार पैसे पाहिजेत, तिथं सरकारी योजनेतला जीडीए हा चांगला पहिला पायंडा आहे. ज्या घरात दोन वर्षं थांबायची ताकद आहे, तिथं नोंदणी मिळणारा कोर्स करावा, आधी सरकारी शाळेचा प्रयत्न करून.

पोरगी इतका वेळ गप्प होती. तिला विचारलं तर म्हणाली, तिला एएनएमच करायचं आहे, गावच्या सिस्टरसारखं. मग ठरलं ते असं : आधी सरकारी एएनएमचा अर्ज भरायचा. नंबर लागला नाही तर हे वर्ष वाया न घालवता उमेदमधून जीडीए करायचा, दवाखान्याचं काम अंगवळणी पाडायचं अन् पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा. वय १८ आहे, ३५ पर्यंत दरवाजा उघडा आहे.

कापूस विकला, पण फीसाठी नाही. आलेल्या पैशातून खत-बियाणं घेतलं अन् उरलेले पोरीच्या नावानं बँकेत टाकले. ज्यांच्या घरी असं पत्रक आलं असेल त्यांनी सही करायच्या आधी एक संध्याकाळ काढावी, पोरीला जवळ बसवावं अन् हा हिशोब तिच्याच हातानं वहीत लिहायला लावावा.